नवरीचं कुलूप

जेवणाच्या टेबलावर तीन बॅगा आ वासून पडल्या होत्या, आणि त्यामुळे घरातली माणसं दोन दिवस ओट्यापाशी उभ्यानं जेवत होती. घरातली माणसं म्हणजे दोनच. एक ती आणि एक तिचा नवरा. नवरा शाळेत गणित शिकवायचा. उभ्यानं जेवायला लागलं तरी तक्रार करायचा नाही, नुसते टोमणे मारायचा.

"तिन्ही ॲल्युमिनियमच्या, तिन्ही चंदेरी, तिन्हींना चार-चार चाकं," तो म्हणाला. "अगं, स्थळ बघताना तुझ्या घरच्यांनी माझीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती."

"केली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि मधल्या बॅगेची उंची पुन्हा एकदा टेपनं मोजली. चाकं धरून. या महागड्या कंपन्या चाकं सोडून उंची सांगतात आणि विमानतळावरची माणसं चाकं धरून मोजतात, हे ज्ञान तिला आता चांगलंच झालं होतं.

तिला सगळे डोळेवाली म्हणत. काम तसंच होतं. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला, त्यांना ती कृत्रिम डोळा करून द्यायची. माणसासमोर बसून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघून बघून रंग जुळवायचा, शिरा रंगवायच्या, मग घरच्या कारखान्यात डोळा पक्का करायचा आणि पुढच्या महिन्यात नेऊन बसवायचा. सहा गावांतले सहा दवाखाने तिनं धरले होते. महिन्यातले दहा-बारा दिवस ती विमानात असायची. विमान कसलं, निम्म्या वेळा ते पंखे लावलेलं खेळणंच असायचं, तीस माणसांचं.

त्या खेळण्यानंच मागच्या महिन्यात घात केला होता. तिची जुनी कापडी बॅग दारातल्या माणसानं वर ठेवू दिली नाही. "जागा नाही, खाली टाकतो," म्हणाला आणि तिच्या हातातून ओढून घेऊन विमानाच्या पोटात टाकली. वर कुणाचं तरी यंत्राचं खोकं पडलं. दवाखान्यात जाऊन डबी उघडली तर आतल्या डोळ्याच्या कडेला चीर गेली होती.

तो डोळा मुंगीचा होता. मुंगी नऊ वर्षांची. हे नाव आजोबांनी ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी ठरायची नाही. झोपाळ्याची कडी तुटून उजव्या डोळ्यावर बसली, तेव्हापासून मात्र ती ठरली होती. शाळा नाही, अंगण नाही, खिडकीसुद्धा नाही. "डोळा मिळाला की सोमवारी येते," असा निरोप तिनं वर्गाला धाडला होता. तो सोमवार आला आणि गेला.

आणि डोळेवालीनं तिला तो चिरलेला डोळा दाखवला नाही. त्यांच्या धंद्यातली रीतच तशी. तुटका डोळा माणसाला दाखवायचा नाही. आपला डोळा दोनदा फुटलेला कुणी बघू नये, असं तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगून ठेवलेलं. म्हणून तिनं डबी पर्समध्ये दडपली आणि "वाटेत खराब झाला गं बाळा, नवा करते" एवढंच म्हणाली. पण जाताना मुंगी दाराबाहेर आजोबांना जे म्हणाली, ते डोळेवालीनं ऐकलं. "खोटं आहे. त्यांनी केलाच नव्हता. विसरल्या."

घरी येताच डोळेवालीनं नवा डोळा करायला घेतला. नवा डोळा झाला. पहिल्याहून चांगला झाला. पण तो तिथवर धड पोचायचा कसा, या चिंतेनं तिला घास गिळवेना. दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पिते म्हणतात. ही ताकाचं भांडंसुद्धा तीन दुकानांत बघायला निघाली.

बॅगांच्या दुकानात चार खेपा झाल्यावर दुकानदारानंच हात टेकले. मांडणीतल्या तीन बॅगा तिच्या गळ्यात घालून म्हणाला, "ताई, घरी न्या, काय ती परीक्षा घ्या आणि एक ठेवून घ्या. पण उद्या दुकानात येऊ नका."

नवऱ्यानं बॅगांना नावं ठेवली. पहिली पहिलवान. जाड पत्रा, कोपऱ्यांवर वाट्या ठोकलेल्या, अंगावर हत्ती बसवा. पण रिकामीच पाच किलोच्या घरात. विमानात हातात न्यायला एकूण आठ किलो चालतात आणि डोळेवालीची हत्यारं, रंग, डब्या मिळून साडेतीन किलो. म्हणजे पहिलवानाला घेऊन गेलं की हत्यारं घरी ठेवायची. दुसरी शिडशिडी. वजनाला हलकी, चाकं अशी मऊ की फुंकरीनं पळेल. तिसरी नवरी. झगझगीत, आणि बोट लागलं की ठसा उमटवून रुसणारी. वजन दोघींच्या मधलं. चेनबिन काही नाही. पुढं दोन खटके, आणि प्रत्येक खटक्याला तीन आकड्यांचं आपापलं कुलूप.

"आता खरी परीक्षा," ती म्हणाली. तिनं प्रत्येक बॅगेत रुमालात गुंडाळून एक अंडं ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा."

"कुठं?"

"बॅगेवर. ते खोकं तुमच्याएवढंच असेल."

चौऱ्याऐंशी किलोचा गणिताचा शिक्षक एकेका बॅगेवर बसून उठला. पहिलवानाला काही वाटलं नाही. शिडशिडी मध्ये दबली आणि आतल्या अंड्याचा रुमालातच निकाल लागला. दुकानदाराला आता काय तोंड दाखवायचं, ते नंतर बघू. नवरी जराशी कुरकुरली, पण अंडं सलामत.

"नवरी पसंत आहे," नवऱ्यानं जाहीर केलं. ती मात्र हसली नाही. ती रंगांच्या वहीत डोकं घालून पुटपुटत होती, "आठ-तीन-सहा... कड जरा जास्त हिरवी झाली का? आठ-तीन-सहा..."

तिच्या वहीत प्रत्येक बुबुळाची खूण असायची. पहिला अंक मूळ रंगाचा, दुसरा त्यातल्या रेषांचा, तिसरा कडेचा. मुंगीचं बुबुळ मधासारखं, आत उन्हाच्या काड्या आणि कडेला शेवाळी छटा. गेले सात आठवडे घरात भाजी चिरताना, दात घासताना, दिवा मालवताना हेच चाललं होतं.

"आठशे छत्तीस. अकरानं भाग जातो तुझ्या डोळ्याला," नवरा एकदा म्हणाला होता.

"तुम्हाला सगळीकडे आकडेच दिसतात," ती करवादली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं नवरी भरली. डोळ्याची डबी मधोमध, भोवती फोम, बाजूला हत्यारं, वर पेशंटांच्या नोंदींची फाईल. सात किलो सातशे. झाकण लावलं, उघडलं, डबी बघितली, लावलं, पुन्हा उघडलं. शेवटी नवऱ्यानं तिचे हात धरले. "आता बास. दर खेपेला काहीतरी हलतंय. शपथ घे, दवाखान्यात पोचेपर्यंत उघडणार नाहीस."

तिनं शपथ घेतली, जेवली आणि लवकर आडवी झाली. नवऱ्याला वाटलं, बायकोची एक चिंता तरी आपण मिटवावी. माहितीपत्रक वाचायची त्याला भारी हौस. चष्मा कपाळावर चढवून त्यानं तिळाएवढी अक्षरं वाचली, आतली बारीक कळ पेनाच्या टोकानं दाबली, दोन्ही कुलपांना नंबर घातला, चकत्या फिरवून टाकल्या आणि समाधानानं झोपला.

सकाळी ती निघाली तेव्हा तो घोरत होता. विमानतळावर तपासणीत नेहमी कुणीतरी बॅग उघडायला लावायचंच, मग डोळे बघून किंचाळायचंही. नेमकं त्या दिवशी कुणी लावलं नाही. पुढे विमानाच्या दारापाशी तोच मागच्या महिन्यातला माणूस उभा. त्याला बघितलं आणि तिनं बॅगेचा दांडा घट्ट धरला.

"बॅग खाली जाईल," तो म्हणाला.

"मोजा आधी."

त्यानं समोरच्या लोखंडी चौकटीकडे बोट दाखवलं. तिनं नवरी उचलून चौकटीत सोडली. कोपरे घासले, चाकं अडली, तिचा श्वास अडला, आणि मग बॅग तळाला टेकली. काट्यावर सात सातशे. तो माणूस बाजूला झाला. विमानात तिनं वरच्या कप्प्याकडे बघत पाऊण तास काढला. त्यात विमान तासभर उशिरा सुटलेलं.

उतरल्यावर फोन चालू केला तर नवऱ्याचा निरोप होता. 'दोन्ही कुलपांना नंबर घातलाय. तुला झोपेतही पाठ आहे तोच. निश्चिंत राहा.'

टॅक्सीत तिला पहिल्यांदा हसू आलं. बिचारा. घराचा नंबर घातला असणार, दुसरं काय.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मुंगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. पट्टीवर केस ओढलेले. शेजारी आजोबा, टोपी मांडीवर, नजर घड्याळावर. साडेदहा झाले होते. त्यांच्या गावची एकच गाडी बारा वाजता सुटायची.

"आलात ताई, बरं झालं," आजोबा म्हणाले. "हिला कसं आणलंय ते माझं मला ठाऊक. शेवटची खेप म्हणून आलीये. आज नाही झालं तर पुन्हा मला सांगू नका, म्हणते."

"आज होणार," डोळेवाली म्हणाली. तिनं बॅग टेबलावर ठेवली आणि घराचा नंबर लावला.

खटका हलला नाही.

लग्नाची तारीख लावली. नाही. नवऱ्याची जन्मतारीख, तिची, दोघांच्या वयाची बेरीज. गणिताच्या माणसाचा काय नेम! गाडीचा नंबर. उलटा. चकत्या कोऱ्या करकरीत, घट्ट. तिची बोटं घामानं घसरत होती. तिनं नवऱ्याला फोन लावला. बंद. मग आठवलं, आज परीक्षा. तिनं शाळेत फोन केला.

"सर वर्गावर आहेत," कारकून म्हणाला. "फोन कपाटात. एक वाजता सुटतील."

"दोन मिनिटं बोलू द्या हो, फार नडलंय!"

"बाई, गणिताचा पेपर आहे. आग लागली तरच दार उघडतं."

तिनं कपाळावर हात मारला. चोरा-चिलटांनी, खोक्या-बिक्यांनी आत शिरू नये म्हणून जी पारखून आणली, ती आता मालकिणीलाच आत घेईना. हसू यावं असा प्रकार, पण तिला रडू येत होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं मिस्त्रीला बोलावलं. तो छिन्नी-हातोडा घेऊनच आला आणि बॅग उलटीपालटी करायला लागला तशी ती ओरडली, "हात लावू नका! आत डोळा आहे."

"ठोकल्याशिवाय नाही उघडायची," मिस्त्री म्हणाला. "पत्रा बघा की. कुणी घ्यायला सांगितली असली बॅग?"

भिंतीकडून आवाज आला. बारीक, कोरडा. "आजोबा, चला घरी."

डोळेवाली वळली. "मुंगे, डोळा आत आहे गं. माझ्या हातानं ठेवलाय."

"मागच्या वेळी खराब झाला. या वेळी कुलूप लागलं." पोरगी वळलीसुद्धा नाही. "पुढच्या वेळी बॅग हरवेल."

पोरगी रडत असती तर समजूत काढता आली असती, पण ती रडत नव्हती. तिचा विश्वास उडाला होता.

"हजार नंबर असतात," सिस्टर म्हणाली. ती कामाची बाई होती. "शून्यापासून लावत जाऊ. डावं कुलूप माझं, उजवं तुमचं."

दोघी लागल्या. एक चकती फिरवा, खटका ओढा, पुढची फिरवा, ओढा. सिस्टर मोठ्यानं मोजत होती, चुकू नये म्हणून. अकरा वाजले. एकशे चाळीस. डोळा बसवायला, घासून बेताचा करायला, कमीत कमी पाऊण तास लागणार. एकशे सत्तर. डोळेवालीच्या अंगठ्याची कातडी सोलवटली. आजोबांनी टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"एकशे चौऱ्याण्णव," सिस्टर म्हणाली.

"माझा नंबर लावून बघितलात?" मुंगीनं विचारलं. अजूनही भिंतीलाच.

"कुठला नंबर बाळा?"

"माझ्या डोळ्याचा. तुम्हीच दिला होता. असला नंबर तुमच्या वहीत दुसऱ्या कुणाचा नाही म्हणालात. खरंच माझा डोळा आत असेल, तर माझ्या नंबरनं उघडायला पाहिजे." मग ती हळूच, पण खुन्नस देत म्हणाली, "आठ-तीन-सहा."

आठ-तीन-सहा हा आकडा असू शकतो, हे डोळेवालीच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या लेखी तो रंग होता. मध, उन्हाच्या काड्या, शेवाळी कड. सात आठवडे ती तो घोकत होती, आणि सात आठवडे घरात तो ऐकणारा एक माणूस होता, ज्याला सगळीकडे आकडेच दिसायचे.

तिनं चकत्या फिरवल्या. आठ. तीन. सहा.

खट्.

सिस्टरनं घाईघाईनं आपल्या चकत्या फिरवल्या. खट्.

तो आवाज ऐकून मुंगी वळली. डोळा गेल्यापासून पहिल्यांदा चार माणसांसमोर तिनं तोंड पुढं केलं, पट्टीसकट. डोळेवालीनं डबी उघडून तिच्यासमोर धरली. कापसावर तो डोळा शांत पडला होता. एक चरासुद्धा नव्हता.

"हा माझा?"

"तुझा." मग डोळेवालीला काय वाटलं कोण जाणे. तिनं पर्समधून दुसरी डबी काढली, महिनाभर तिथंच पडलेली. धंद्याची रीत गेली चुलीत, तिच्या मनात आलं. "आणि हासुद्धा तुझा. हा मागच्या वेळचा."

मुंगीनं तो उचलला, उजेडात धरला आणि चिरेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"म्हणजे केला होता तुम्ही," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

पुढचं सगळं घाईनं झालं. डोळा कडेला किंचित टोचत होता. डोळेवालीनं तो दोनदा काढून घासला, पॉलिश केला, पुन्हा बसवला. सिस्टरनं आरसा धरला. मुंगीनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, जीभ काढून बघितली. आजोबा पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले आणि नाक शिंकरू लागले.

"बॅगेला माझा नंबर कुणी घातला?" तिनं आरशातूनच विचारलं.

"माझ्या नवऱ्यानं."

"ते मला ओळखतात?"

"तुला न ओळखून सांगतात कुणाला? आमच्या घरात सात आठवडे दुसरं बोलणंच नाही. तुझ्या डोळ्यापायी अंड्यावर बसलेत ते." मुंगी खुदकन हसली. "बायकोला झोपेतही काय पाठ आहे म्हटल्यावर त्यांना तुझाच नंबर आठवला. आणि मी वेडी लग्नाची तारीख लावत बसले."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," आजोबा खिडकीतूनच म्हणाले. "चल मुंगे, गाडी."

डोळेवाली थांब्यापर्यंत गेली, रिकामं पोट आणि बॅग घेऊन. येताना पोरगी उजवी बाजू आजोबांच्या अंगाला चिकटवून बसली होती, असं सिस्टरनं सांगितलं होतं. आता ती धावत आत गेली आणि उजवी बाजू बाहेर येईल अशी खिडकी धरून बसली. गाडी हलली तशी तिनं काच सरकवली.

"मावशी! पुढच्या वर्षी मी मोठी झाल्यावर नवा डोळा लागेल ना?"

"लागेल!"

"मग तोवर बॅगेचा नंबर बदलू नका!"

"नाही बदलत," डोळेवाली ओरडली, आणि गाडी वळेपर्यंत बॅगेच्या दांड्याला धरून तिथंच उभी राहिली.